आईच्या पितळी पाटल्या

आमच्या घरात चार पिढ्यांच्या दागिन्यांपैकी जुना म्हणता येईल असा एकच दागिना शिल्लक आहे, आणि तो खोटा आहे! पितळेवर सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन पाटल्या. १९६३ साली घडवलेल्या. धाकट्या भाचीने मध्यंतरी फोनवर विचारलं, "मावशी, आजीच्या दागिन्यांतलं आता नक्की काय उरलंय गं?" तिला एका वाक्यात सांगितलं. पण मागची सगळी हकीकत फोनवर सांगण्यासारखी नाही. म्हणून मंडळी, आज ती इथे लिहून ठेवते.

मी जन्मभर शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. 'इतिहासाची साधने' हा धडा किती वर्गांना शिकवला याची गणतीच नाही. ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी... मुलं पाठ करत आणि पेपरात लिहीत. पण आपल्या घरातली वस्तूसुद्धा साधनच असते, तीही वाचता येते, हे त्या धड्यात नव्हतं. या पाटल्या मी निवृत्तीनंतर खऱ्या अर्थाने वाचायला लागले.

आधी खऱ्या सोन्याचं काय झालं ते सांगते, कारण त्याची गोष्ट लवकर संपते.

माझ्या आजीकडे, म्हणजे वडिलांच्या आईकडे, लाखेवरचे गोठ होते. आत लाख भरलेली आणि वरून सोन्याचा पत्रा. दिसायला हातभर वैभव, पण वितळल्यावर सोनं भरलं ते फार थोडं. त्यात आणखी भर घालून आईच्या लग्नात, १९४६ साली, तिला चार तोळ्यांच्या पाटल्या केल्या. म्हणजे आजीचे गोठ तिथेच संपले. ते कसे दिसत होते हे सांगणारं आज कोणी नाही, फोटो तर नाहीच. आईने पुढे १९६९ साली चार बांगड्या केल्या. त्यांतल्या दोन माझ्या लग्नात मोडल्या, उरलेल्या दोन भावाच्या शिक्षणासाठी गेल्या. माझं जे सोनं होतं ते आम्ही घर घेतलं तेव्हा मोडलं. आपल्याकडे सोनं 'मोडतात' हा शब्दच किती बोलका आहे बघा. मोडायचं, वितळवायचं, घट धरायची, घडणावळ द्यायची आणि नवं करायचं. आजीचं, आईचं, माझं सोनं बहुधा अजूनही कुठेतरी कोणाच्या तरी अंगावर आहे. पण त्याला काही आठवत नाही. मुशीत गेलं की सोनं सगळं विसरतं.

आता आईच्या त्या लग्नातल्या पाटल्या. त्या मोडल्या नाहीत, त्या देशाला दिल्या.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. मी तेव्हा बारा वर्षांची होते. सातारा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. रेडिओ होता तो ग्रामपंचायतीत आणि दोन-चार घरांत. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला निघाले तेव्हा गावाला आपल्याच घरचा माणूस आघाडीवर निघाल्यासारखं वाटलं. (ते आमच्याच जिल्ह्यातले, कराडचे!) राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी गावोगाव सभा होत होत्या. सरकारने साडेसहा टक्के व्याजाचे सुवर्णरोखेही काढले होते, पण आमच्याकडे रोख्यात गुंतवण्याइतकं सोनं कुठलं असायला? शाळेच्या पटांगणावर सभा झाली. बायका एकेक करून पुढे जात होत्या. कोणी अंगठी, कोणी कानातलं, कोणी नुसते अकरा रुपये. आईने उठून जाऊन दोन्ही पाटल्या उतरवल्या. साबण नसल्यामुळे त्या हातातून लवकर निघेनात, आणि सगळी सभा थांबून राहिली, हे मला स्पष्ट आठवतं. अण्णांना (वडिलांना) तिने आधी विचारलं होतं की नव्हतं, हे कोणी कधी बोललं नाही. त्या रात्री ते एवढंच म्हणाले, "बरं केलंस."

महिना-दीड महिना उलटला आणि जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम आले.

आजच्या मुलांना हे काही ठाऊक नाही, म्हणून थोडं विस्ताराने सांगते. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. भारत संरक्षण नियमांखाली त्यांनी हे नियंत्रण आणलं. चौदा कॅरेटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. दागिन्यांच्या रूपात नसलेलं सोनं, म्हणजे लगडी, बिस्किटं वगैरे, जाहीर करणं सक्तीचं झालं. अंगावरचे जुने दागिने मात्र कोणी काढून घेणार नव्हतं.

यामागचं कारण समजण्यासारखं होतं. सोन्याच्या आयातीवर १९४७ पासूनच बंदी होती आणि देशातला भाव जागतिक भावाच्या जवळजवळ दुप्पट होता. एवढा फरक असला की चोरटी आयात होणारच. दहा तोळ्यांची बिस्किटं दुबईहून गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरत. सोन्यासाठी परकीय चलन असं आडवाटेने बाहेर जात होतं आणि युद्धानंतर देशाला पै न् पै हवी होती. सोन्याची हौसच कमी करावी, असा सरकारचा हिशोब होता.

पण तो हिशोब करताना एक गोष्ट विसरली गेली. चोवीस कॅरेट म्हणजे शुद्ध सोनं, बावीस कॅरेट म्हणजे शेकडा साडेएक्क्याण्णवच्या वर, आणि चौदा कॅरेट म्हणजे शेकडा अठ्ठावन्नच्या जरा वर. बाकी सगळी भेसळ. आपल्याकडे सोनं ही हौस जितकी, तितकीच पुंजी. बायकांची तर ती एकमेव स्वतःची पुंजी. अडीअडचणीला मोडलं की पैसे उभे राहिले पाहिजेत. चाळीस टक्क्यांहून अधिक तांबं-चांदी मिसळलेली बांगडी कोण करणार? शिवाय ते सोनं कडक. पिढ्यान् पिढ्या मऊ सोन्यावर काम केलेल्या सोनाराच्या हाताला ते वळेना. गिऱ्हाईक थांबलं, आणि लाखो कारागिरांच्या बागेसऱ्या थंड पडल्या. देशभर सोनारांनी मोर्चे काढले, सत्याग्रह केले. काहींनी जीव दिल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या. संसदेत त्यावरून वादळ झालं.

आमच्या आळीच्या तोंडाशी एक सोनारकाका होते. लहानशी ओटी, तिच्यावर बागेसरी, फुंकणी, ऐरण, चिमटे, तऱ्हेतऱ्हेच्या हातोड्या, पत्र्याच्या पेटीत कसोटीचा दगड आणि लाल-काळ्या गुंजा. वजनं ग्रॅममध्ये आली तरी काका मनातल्या मनात गुंजांतच मोजत. आम्हा मुलींचे कान त्यांनीच टोचले होते. सगळा दिवस त्यांच्या ओटीवरून बारीक टकटक ऐकू यायची. १९६३ च्या सुरुवातीला ती टकटक थांबली. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण आवाज बंद झाला तेव्हाच आळीला कळलं की तो आवाज होता.

काका ओटीवर नुसते बसून असत. चांदीच्या कामाला बंदी नव्हती. पण तालुक्याच्या गावात जोडवी आणि पैंजण किती जणी करणार, आणि किती वेळा करणार? घरात पाच माणसं. काकूंनी शेवया करून विकायला सुरुवात केली. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्या वर्षी त्याच्याजवळ भूगोलाचं पुस्तक नव्हतं, आम्ही दोघं एका पुस्तकात वाचायचो.

त्याच वैशाखात माझ्या आतेबहिणीचं मिरजेला लग्न ठरलं. आई नवरीची मामी. आजीने सांगून टाकलं, "लग्नघरी नुसत्या काचेच्या बांगड्यांवर जायचं नाही. लोक काय म्हणतील?" देशाला पाटल्या दिल्या याचा आजीलाही अभिमान होता, पण मिरजेच्या लग्नात तो अभिमान हातात घालता येत नव्हता ना!

अण्णा म्हणाले, चौदा कॅरेटची एखादी बांगडी करू. आई म्हणाली, "अर्ध्या सोन्यापेक्षा उघड पितळ बरं." आणि ती सोनारकाकांच्या ओटीवर गेली. मी तिच्याबरोबर होते. "मला पितळेच्या पाटल्या करून द्या," असं तिने सांगितलं तेव्हा काका बराच वेळ बोललेच नाहीत. सोनाराला पितळ घडवायला सांगणं म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं नाही. मग ते म्हणाले, "वहिनी, सोन्याला हात लावायचा नाही असा हुकूम आहे. पण हात रिकामे ठेवून चालत नाही. करतो."

त्यांनी तांबट आळीतून पितळेची पट्टी आणली. पंधरा दिवस लागले. सोन्याच्या पाटलीलासुद्धा इतके दिवस लागत नसत, पण आता त्यांच्यापाशी वेळच वेळ होता. पितळ सोन्यापेक्षा कडक, त्यावर नक्षीची कलमं सारखी बोथट व्हायची. वेल, मधे फूल, दोन्ही कडांना बारीक दाण्यांची ओळ. साताऱ्याला एका गिलिट करणाऱ्याकडून त्यांनीच त्यांवर सोन्याचा मुलामा देऊन आणला. सगळे मिळून साडेबारा रुपये घेतले, आणि तेही आईने हातात कोंबले म्हणून.

मिरजेला कोणाला काही कळलं नाही. उलट आत्याच्या जाऊबाईंनी नक्षी न्याहाळून विचारलं, "कुठे घडवल्यात हो?" आईने सोनारकाकांचं नाव आणि गावाचं नाव सांगितलं. सोन्याच्या आहेत असं ती म्हणाली नाही, पितळेच्या आहेत असंही म्हणाली नाही. विचारलं होतं तेवढंच तिने सांगितलं!

खोट्या दागिन्यांना आपण नाकं मुरडतो, पण त्यांचा इतिहास खऱ्यांइतकाच रंजक आहे. लंडनमध्ये ख्रिस्तोफर पिंचबेक नावाचा एक घड्याळजी होता, १७३२ साली वारला. त्याने तांबं आणि जस्त यांचा सोन्यासारखा दिसणारा मिश्रधातू काढला. (आपलं पितळही तांबं आणि जस्तच, फक्त प्रमाण वेगळं.) पुढे इंग्रजीत त्याचं नावच 'नकली' या अर्थाचं विशेषण होऊन बसलं. मुलामा पूर्वी पाऱ्याच्या साहाय्याने देत. त्याच्या वाफेने कारागिरांची शरीरं खंगत. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी विजेने मुलामा देण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि सोन्याचा रंग गरिबाच्या आवाक्यात आला. आपल्याकडे आंध्रात मच्छलीपट्टणजवळचं चिलकलपुडी हे अशा दागिन्यांसाठी नावाजलेलं गाव. गंमत म्हणजे तिथे पांडुरंगाचं मोठं मंदिर आहे, आमचा विठोबा इतक्या लांब!

आणि आपली पुतळ्यांची माळ? तिच्यातली पुतळी मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं. व्यापारातून ते इकडे आलं आणि त्यावरच्या माणसांच्या आकृत्यांवरून आपण त्याला 'पुतळी' म्हणू लागलो. पुढे इथल्याच सोनारांनी तशा पुतळ्या पाडल्या. त्यांवरची लॅटिन अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती, म्हणून ती नुसत्या रेघोट्या झाली. सोनं खरं, पण नाण्याची नक्कल. आता त्या पुतळीला खरी म्हणायचं की खोटी? अभ्यासकांना तर त्या बिघडलेल्या अक्षरांवरूनच कळतं की ती इथे घडली. म्हणजे नक्कलसुद्धा साक्ष देते, आपल्याला ती ऐकता आली पाहिजे.

पुन्हा आमच्या आळीत येते. ऑगस्ट १९६३ मध्ये कामराज योजनेखाली मोरारजीभाई मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि टी. टी. कृष्णम्माचारी अर्थमंत्री झाले. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत एवढी सवलत मिळाली की गिऱ्हाइकाचे स्वतःचे जुने दागिने मोडून स्वतंत्र काम करणाऱ्या सोनारांना तेवढ्याच शुद्धतेचे नवे करून देता येऊ लागले. १९६६ मध्ये चौदा कॅरेटची अट गेली. पण १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा कायदाच झाला, आणि परवाने, वह्या, तपासण्या चालूच राहिल्या. हा कायदा शेवटी १९९० साली रद्द झाला. तेव्हा अर्थमंत्री होते आपले प्रा. मधु दंडवते. सत्तावीस वर्षं! एका कारागिराच्या उमेदीचा सगळा काळ.

सोनारकाका मधली दोन-तीन वर्षं साखर कारखान्यात हंगामी कामाला जात होते. नंतर ते ओटीवर परत आले, टकटकही परत आली, पण पूर्वीसारखी नाही. डोळे अधू झाले होते. मुलाला त्यांनी ऐरणीजवळ बसू दिलं नाही. तो एसटीत कंडक्टर झाला, पुढे चांगला संसार केला. मात्र त्यांच्या घराण्यातली नक्षीची ती कलमं त्यांच्याबरोबरच संपली. आता खोटे दागिने हवे असले तर बेन्टेक्सच्या बांगड्या कुठेही मिळतात, स्वस्त आणि छान असतात, मी स्वतः वापरते. पण सोन्यावर चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाने पितळेवर कोरलेला वेल त्यांवर असत नाही.

आई १९९८ साली गेली. दिवस झाल्यावर आम्ही भावंडं बसलो. काट्यावर सोनं ठेवलं, ग्रॅममध्ये वाटण्या झाल्या. भांडण नाही, तंटा नाही, देवाची कृपा. पाटल्या कोणी काट्यावर ठेवल्याच नाहीत. "या ताईला असू देत," भाऊ म्हणाला. वाटणीत त्यांची किंमत शून्य धरली गेली, आणि म्हणूनच त्या वाचल्या. चोराने नेल्या नाहीत, सावकाराने धरल्या नाहीत, अडचणीला उपयोगी नाहीत म्हणून मोडल्या नाहीत. जे वितळवून काही मिळत नाही तेच जसंच्या तसं राहतं.

आता त्या वाचायच्या कशा? आतल्या बाजूचा मुलामा पूर्ण गेला आहे, तिथे अंगाला लागून लागून पितळ काळपट झालं आहे. उजव्या हातातल्या पाटलीची एक कड अधिक झिजली आहे, दाण्यांची ओळ तिथे जवळजवळ सपाट आहे. ही काचेच्या बांगड्यांकडची कड. पाट्यावर वाटताना, धुणं आपटताना, भाकरी थापताना काच तिच्यावर घासत असणार. आई उजवी होती, हे कोणी सांगितलं नाही तरी या पाटल्या सांगतील! वेलाच्या खोबणींत मात्र अजून सोन्याची रेघ चमकते. आई त्यांना कधी चिंच लावायची नाही, रिठ्याच्या पाण्यानेच धुवायची, सोनं धुवावं तशी.

माझी नात परदेशात शिकते. तिच्या गळ्यात नाजूक साखळी आहे, चौदा कॅरेटची. तिकडे तेच सर्रास चालतं म्हणे. इकडेही २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, त्यात चौदा कॅरेटचा शिक्का आहे. २०२५ मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलं आणि नऊ कॅरेटलाही हॉलमार्क मिळू लागला. जे सरकारला हुकमाने जमलं नाही ते भावाने करून दाखवलं. आईला हे ऐकून हसू आलं असतं.

या नातीला पाटल्या फार आवडल्या. ती म्हणाली, "आजी, नवीन पॉलिश करून घेऊ या ना, एकदम नव्यासारख्या होतील." मी तिला त्या दिल्या, त्या तिच्याच आहेत, पण मुलामा देऊ नकोस असं सांगितलं. ती थोडी हिरमुसली. मग तिला ती झिजलेली कड बोटाने चाचपून बघायला लावली आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. नव्या मुलाम्याखाली आईची चोवीस-पंचवीस वर्षं झाकली जातील. ती काही बोलली नाही. घालते की नुसत्या जपून ठेवते, पुढे पॉलिश करते की नाही, हे आता तिचं ती ठरवील. वारसा दिला की त्यावर आपला हक्क संपतो. संपलाच पाहिजे.

फक्त एक काम मी केलं आहे. डबीत एक चिठ्ठी घातली आहे. ताम्रपटावर राजाचं नाव असतं, दान घेणाऱ्याचं असतं, पुष्कळदा लेखकाचंही असतं. आपल्या दागिन्यांवर घडवणाऱ्याचं नाव नसतं, दुकानाचा शिक्का असतो फार तर. म्हणून चिठ्ठीत आईचं नाव, साल, मिरजेचं लग्न, साडेबारा रुपये, आणि सोनारकाकांचं पूर्ण नाव लिहिलं आहे. इथे ते देत नाही, त्यांच्या मुलांना विचारल्याशिवाय देणं बरं नव्हे.

असो. फारच लांबलं. नातेवाईक मंडळींपैकी कोणाला आजीचे ते गोठ दिसायला कसे होते हे आठवत असेल, किंवा कोणाकडे ऐकीव माहिती असेल, तर जरूर कळवा. आणि तुमच्या घरी असा 'किंमत शून्य' दागिना असेल तर तो टाकू नका. कोणाचा होता, कोणी घडवला, तेवढं एका कागदावर लिहून त्याच्याबरोबर ठेवा.